चौथ्या हिश्श्याला नकार द्या

प्रश्न : मी बी.कॉम. असून महाडमधल्या एका वकिलांकडे बरीच वर्षे कारकुनी केली. ते वारल्यापासून महाडचे दोन आणि पोलादपूरचे एक वकील मला कामापुरते बोलावतात. टायपिंग, नकला, जमिनीच्या कागदांचा शोध अशी कामे असतात. पैसे पानावर घ्यावेत की महिन्यावर? जीएसटी नंबर लागेल का? पॅरालीगलचा ऑनलाइन कोर्स करू का? गावची माणसे सल्ल्याला थेट घरीच येतात. एक वकीलसाहेब म्हणाले, ‘पक्षकार आणा, फीचा चौथा हिस्सा तुमचा.’
– एक वाचक, पोलादपूर तालुका

उत्तर : शेवटचे वाक्य तुम्हालाही खटकले असणार, म्हणूनच ते पत्रात आले. त्याआधीचे प्रश्न किरकोळ आहेत. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. कोर्सवर पैसे घालवू नका. ‘कायदेविषयक सल्लागार’ असे कार्ड छापायचे मनात असेल तर तेही विसरा.

आता तो चौथा हिस्सा. वकील नसलेल्या माणसाशी फीची वाटणी करायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. वकिलाकडून मोबदला घेऊन पक्षकार मिळवून देणारा अधिवक्ता अधिनियमाच्या 2023 च्या दुरुस्तीनुसार दलाल ठरतो. जिल्हा न्यायाधीश अशा दलालांची यादी करू शकतात. यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण माणसे उद्ध्वस्त होताना मी पाहिली ती या कलमामुळे नाही. होते ते असे. वारसनोंदीचा फेरफार बहिणीचे नाव वगळून मंजूर झालेला असतो. गणपतीला मुंबईहून आलेली ती बहीण तुमच्या पडवीत बसते. ओळखीची म्हणून तुम्ही कागद ठेवून घेता, खर्चाला पाच हजार घेता, कोऱ्या वकीलपत्रावर सही घेता आणि ‘होईल, साहेबांना सांगते’ म्हणता. साहेब तारखांत गुंतलेले. प्रांताकडे अपील करायचे 60 दिवस निघून जातात आणि विलंब माफ होईलच असे नसते. मग साहेब म्हणतात, ही माझी पक्षकारच नव्हे. पावती नाही, फाइल नाही. पैसे घेतले तुम्ही, ‘होईल’ म्हणालात तुम्ही. ती बहीण तुमच्याच दारात येणार, आणि पोलिसांत गेली तर नावही तुमचेच देणार.

म्हणून पक्षकाराचा एक रुपयाही हातात घेऊ नका, कोर्ट फीसाठीसुद्धा नाही. मूळ कागद घरी ठेवू नका. घरी आलेल्याला मत न देता त्याच दिवशी वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे. एवढे जरूर सांगा.

तुमच्या हातात चांगले काम आहे. दुय्यम निबंधकाकडचा शोध, सातबारा आणि फेरफार जुळवून केलेले तारीखवार टिपण, नकलेचे अर्ज, पुरात भिजलेल्या फायली पुन्हा उभ्या करणे या कामांना एकट्याने वकिली करणाऱ्याला वेळ नसतो. प्रत्येक कामाचा दर तिघांशी लेखी ठरवा आणि महिन्याचे बिल वकिलाच्या नावे करून पैसे बँकेतून घ्या. काम घेण्याआधी दोन्ही पक्षांची नावे वहीत तपासा. एका तालुक्यात तुमचे दोन वकील एकाच दाव्यात समोरासमोर असायचेच. तेव्हा दुसऱ्याचे काम सरळ नाकारा.

त्या साहेबांना नकार याच आठवड्यात कळवा, आणि लेखी कळवा.