जाळीच्या आश्रयाने

बुलढाणा शहराच्या नैर्ऋत्येस धाड हे गाव आहे. या बाजूस अजिंठ्याच्या डोंगरांचे फाटे पसरलेले असून त्यांच्या उतारांवर मातीचा थर पातळ आहे. खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाऊस काय तो चार महिने. उरलेले आठ महिने जमीन तहानलेली. अशा भूमीत उंच, घनदाट अरण्य वाढत नाही. तेथे तग धरतात ती बोर, बाभूळ, हिवर, हेंकळ यांसारखी काटक झाडेझुडपे. त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतून जाळ्या होतात आणि अशा जाळ्यांनी भरलेल्या रानास काटवन म्हणतात. वाटसरू त्यास 'पडीक रान' म्हणून पुढे निघून जातो.

परंतु हे रान पडीक नाही, चांगले वसलेले आहे. बोरीची एक फांदी जवळून पाहावी. पानाच्या देठापाशी काट्यांची जोडी असते. त्यांतील एक सरळ, तर दुसरा आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा अडकवून ठेवतो. शेळीसुद्धा अशा जाळीचे शेंडेच तेवढे खुडते, आत तोंड घालीत नाही. म्हणूनच जाळीच्या बुडाशी पाखरांनी टाकलेली निंबोळी निर्धास्त रुजते आणि काही वर्षांनी काट्यांतून डोके वर काढून कडुनिंब उभा राहतो. उन्हाळ्यात बाहेरचा मुरूम तापलेला असला तरी जाळीखालची पालापाचोळ्याची माती त्या मानाने थंड असते. तेथे वाळवी आणि किडेमुंग्या पुष्कळ; आणि जेथे किडे, तेथे त्यांना खाणारेही आलेच.

तितर दिवसा उघड्यावर दाणे टिपतो, पण चाहूल लागताच जाळीकडे धाव घेतो. उडण्यापेक्षा पळण्यावरच त्याचा अधिक भरवसा! सातभाईंचा थवा पाचोळा उलटसुलट करीत असतो. साप अथवा रानमांजर दिसताच त्यांचा असा काही कलकलाट सुरू होतो की, सारे रान सावध होते. खाटीक पक्ष्याची तऱ्हा निराळी. तो पकडलेला टोळ किंवा सरडा काट्यावर टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. साळिंदर दिवसभर बिळात पडून राहते व अंधार पडल्यावर कंदमुळे उकरावयास निघते. ससा, मुंगूस, घोरपड यांचीही बिऱ्हाडे याच आश्रयास असतात.

काटवने इतर देशांतही आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्यांना 'चॅपरल' म्हणतात. तिकडचे घोडेस्वार गुराखी अशा झुडपांतून जाताना पायांवर कातड्याची आवरणे चढवीत!

इतके असूनही बांधावरची जाळी पहिल्याने तुटते. शेतात एक तास अधिक निघावे म्हणून कोणी ती तोडतो, कोणी सरपणासाठी नेतो. ती गेली म्हणजे तितराचे घरटे उघडे पडते आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या जनावरांची विसाव्याची जागाही नाहीशी होते.

हा विसावा केवढा मोलाचा असतो, ते एका वाघाच्या प्रवासावरून कळून आले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधण्यात आला होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो स्वतःसाठी मुलूख शोधीत निघाला. महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, रस्ते, गावशिवारे ओलांडीत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. हे अभयारण्य बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान असून त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. एवढा मोठा पशू माणसांच्या वस्तीमधून गेला कसा? तो रात्री चाले आणि दिवसा दडून राही. वाटेत माणसाला इजा झाल्याचा एकच प्रसंग घडला. वाघ जाळीत विश्रांती घेत असता काही माणसे तेथे शिरली आणि त्यांतील एकजण जखमी झाला.

ज्ञानगंगेत बिबटे व अस्वले होतीच, आता वाघही आला. नऊ महिन्यांत त्याची एकंदर चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. पट्ट्यावरून त्याची ५००० हून अधिक ठिकाणे नोंदली गेली होती. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा काढून घेण्यात आला.