रक्त बरं, मग खुबा का दुखतो?

प्रश्न : माझा भाचा सिकलसेलचा (एसएस) रुग्ण आहे. आम्ही किनवट तालुक्यातले. तो नीटच्या क्लाससाठी लातूरला राहतो. त्याचं हिमोग्लोबिन १० च्या आसपास असतं, रक्त क्वचितच चढवावं लागलं. तरी दोन महिन्यांपासून तो लंगडतोय. गुडघ्याचा फोटो काढला, तो साफ आला. रक्त बरं असताना हाड का दुखावं?
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : आधी त्याचा खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं पुष्कळदा जांघेत, नाहीतर थेट गुडघ्यात जाणवतं. मांडी घालून बसताना किंवा पाय आत वळवताना कळ येत असेल, तर संशय खुब्याचाच धरा.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत फिरतो. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि तिथं अडकतात. रक्ताविना हाडाचा तेवढा भाग मरतो. मेलेलं हाड लगेच ढासळत नाही. चालताना भार पडून पडून काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गोळा चपटा होतो आणि सांधा झिजतो. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेसुद्धा साफ दिसू शकतो. एमआरआयमध्ये मात्र ही इजा लवकर कळते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हिमोग्लोबिन चांगलं म्हणजे हाडं सुरक्षित, हा समज फार घातक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २,५९० रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ १० टक्के जणांच्या खुब्याचं हाड असं मेलेलं आढळलं. त्यात सिकलसेलसोबत अल्फा थॅलेसेमियाचा अंश असलेल्यांना धोका जास्त होता. या अंशामुळे तांबड्या पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन टिकतं. पण पेशींची गर्दी वाढून रक्त दाटही होतं. आपल्याकडच्या आदिवासी समाजांत हा अंश बऱ्याच जणांत सापडतो. भाच्यात तो आहे की नाही हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण ‘सौम्य’ दिसणाऱ्या रुग्णाच्या खुब्याकडे दुर्लक्ष होतं ते अशामुळेच.

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, किंवा सुटीत गावी येताना नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवा. पहिल्याच वाक्यात ‘सिकलसेल आहे’ सांगा. नाहीतर तरुण पोराचं लंगडणं मुरगळ समजून सोडून दिलं जाईल. लवकर कळलं तर कुबड्या घेऊन भार कमी करणं, फिजिओथेरपी आणि काही वेळा हाडाला छिद्र पाडून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया, एवढ्यावर भागू शकतं. गोळा ढासळल्यावर सांधा बदलण्याचा विचार करावा लागतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू असेल तर मनाने बंद करू नका. ती वेदनांचे झटके कमी करते, मेलेलं हाड मात्र जिवंत करत नाही. वाताच्या अनोळखी पुड्या देऊ नका. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं आणि स्टिरॉइडनेही खुब्याचं हाड मरतं.

ताप, एकाच जागी सूज, हात लावू न देणारी कळ असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सिकलसेलमध्ये मेलेल्या हाडात साल्मोनेलासारखे जंतू शिरतात आणि घरच्या वेदनाशामक गोळीने तो ताप फक्त झाकला जातो.