डुकराचे मांस, सफरचंद आणि मंद आच

‘पुल्ड पोर्क’ हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील पदार्थ होय. स्पॅनिश सरदार द सोतो याने १५३९ साली फ्लोरिडात डुकरे उतरविली. पुढे मळ्यांवर खड्ड्यातील निखाऱ्यांपाशी रात्रभर बसून मांस शिजविले ते बहुतांशी आफ्रिकी गुलामांनी. जुन्या पाकपुस्तकांत त्यांची नावे क्वचितच सापडतात. आमच्याकडेही डुकराचे मटण होते, पण महाविद्यालयात त्याचा उच्चार कुणी करीत नाही. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला.

मांस खांद्याचे घ्यावे. तो सतत राबणारा भाग, म्हणून चिवट आणि स्वस्त. त्यातील कोलॅजन सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सावकाश विरघळून जिलेटिन बनते. मोठ्या जाळावर मांस आक्रसते. मंद आचेवर सात-आठ तासांनी आतील तापमान ९० ते ९५ अंशांवर गेले, की काट्याने ओढताच धागे सुटतात. नावाचा उगम तोच.

सफरचंदाचा रस व थोडे व्हिनेगर घातल्याने चरबीचा जडपणा जाणवत नाही. (माझी आजी यासाठी आमसुले घालते. तेही फळच!) ताजे अननस मात्र जपून वापरावे. त्यातील ब्रोमेलेन प्रथिने तोडते. मांस रात्रभर त्यात मुरविल्यास लगदा होतो. डबाबंद अननसात ते उष्णतेने नष्ट झालेले असते.

उन्हाळ्यात हे सोयीचे. एकदा शिजवून फ्रिजमध्ये ठेवले, तर तीन दिवस पावात भरून कोबीच्या कोशिंबिरीबरोबर खाता येते.