सागरतळाचा कानोसा : मच्छीमार नौकेवरील मत्स्यशोधक यंत्र

पहाटेच्या सुमारास भाऊच्या धक्क्याला नौका लागू लागतात. टोपल्या उतरतात, लिलावाचा पुकारा होतो आणि दिवस पुरता वर येण्यापूर्वी लालबाग, परळ, दादर, गिरगाव येथील मंडयांत मासळी पोहोचते. गिऱ्हाइकाला टोपलीतील बोंबील किंवा बांगडा दिसतो. त्यासाठी किती डिझेल जळाले, किती बर्फ लागला आणि किती वेळा जाळे रिकामे वर आले, याचा हिशेब मात्र नौकामालकाच्या वहीत राहतो. रिकाम्या फेरीलाही डिझेल आणि बर्फ लागतोच.

हा व्यर्थ खर्च टळावा म्हणून अनेक नौकामालक मत्स्यशोधक यंत्र, म्हणजेच धक्क्यावरच्या बोलीतील 'फिश फाइंडर', घेतात. परंतु कर्ज काढून घेतलेले यंत्र मासेमारीच्या पद्धतीस गैरलागू असेल किंवा चुकीच्या जागी बसविले असेल, तर खर्च वाचण्याऐवजी त्यात हप्त्याची भर पडते. हे यंत्र मासे पकडत नाही. ते प्रतिध्वनी ऐकते आणि त्याचे चित्र काढते. एवढे ध्यानी घेऊन खरेदीचा विचार केला, तर बरेचसे नुकसान टाळता येते.

शिशाच्या दोरीपासून ध्वनिलहरीपर्यंत

यंत्रे नव्हती तेव्हा तांडेल शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली 'वावां'त मोजत असे. एक वाव म्हणजे 6 फूट, सुमारे 1.83 मीटर. वजनाला चिकटून आलेला चिखल किंवा वाळू पाहून तळाची जात ओळखता येई. पुढे या दोरीची जागा ध्वनीने घेतली. जपानमधील फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये मच्छीमारांसाठी व्यावहारिक स्वरूपाचे मत्स्यशोधक यंत्र बाजारात आणले आणि तेथून त्याचा प्रसार झाला.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. नौकेच्या तळाशी बसविलेला 'ट्रान्सड्यूसर' पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परत आला, तर ध्वनीने जाऊन-येऊन 60 मीटर अंतर कापले, म्हणजेच खोली 30 मीटर. वाटेत माशांचा थवा आला, तर त्याचा प्रतिध्वनी तळाच्या आधी येतो आणि पडद्यावर तळरेषेच्या वर उमटतो.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे प्रतिध्वनी ठळक येतो. घोळीसारख्या माशात ही पिशवी मोठी असते. तो चांगला 'दिसतो'. मुंबईकरांच्या आवडत्या बोंबलास अशी पिशवी नसते आणि त्याच्या मांसात पाण्याचे प्रमाणही फार असते. त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो. माकूल आणि तळालगतची कोळंबी यांचीही तीच गत. म्हणूनच पडदा कोरा दिसला म्हणजे समुद्र रिकामा आहे, असे समजणे चूक ठरेल.

निवड : आधी जाळे, मग यंत्र

यंत्राची निवड किमतीवरून नव्हे, तर जाळ्यावरून करावी. डोल जाळे एका जागी रोवलेले असते व भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात येते. अशा नौकेला थव्याचा पाठलाग करावयाचा नसतो. तिला खोली आणि तळ दाखविणारे साधे यंत्र पुरते. ट्रॉलरला तळ मऊ की खडकाळ हे कळणे अगत्याचे, कारण खडकात अडकलेले जाळे म्हणजे मोठे नुकसान. गिलजाळे सोडणाऱ्या नौकेला मासळी कोणत्या थरात आहे, याची माहिती उपयोगी पडते. नौकेच्या आजूबाजूला दूरवर शोध घेणारे 'सोनार' हे निराळे आणि महागडे साधन आहे. साधे मत्स्यशोधक यंत्र मुख्यतः नौकेच्या खालचेच दाखविते.

दुसरा प्रश्न ध्वनीच्या कंपनसंख्येचा. मच्छीमार नौकांवरील यंत्रांत 50 आणि 200 किलोहर्ट्झ या कंपनसंख्या प्रचलित आहेत. 50 किलोहर्ट्झचा ध्वनी खोलवर जातो, पण बारकावे कमी दाखवितो. 200 किलोहर्ट्झचा ध्वनी उथळ पाण्यात स्पष्ट चित्र देतो. मुंबईसमोरचा सागरतळ फार दूरपर्यंत हळूहळू उतरत जातो. त्यामुळे किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या नौकेला 200 किलोहर्ट्झ सोयीचे. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेने दोन्ही कंपनसंख्या असलेले यंत्र घ्यावे.

ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन 20 अंश असेल, तर 30 मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ तपासले जाते; कोन 45 अंश असेल, तर हाच व्यास सुमारे 25 मीटर होतो. रुंद झोतात अधिक क्षेत्र येते, पण मासा नेमका कोठे आहे हे अचूक कळत नाही. याखेरीज पडदा भर उन्हात वाचता यावा, यंत्र खाऱ्या पाण्यास टिकावे, नौकेच्या बॅटरीच्या 12 किंवा 24 व्होल्ट दाबाशी जुळावे आणि दुरुस्तीची सोय जवळ असावी. उथळ पाण्यासाठी फार मोठ्या शक्तीचे यंत्र घेऊन लाभ नाही.

बसवणी : बुडबुडे टाळावेत

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून ठेवल्या जातात, त्यांची डागडुजी होते. ट्रान्सड्यूसर बसविण्यास हाच काळ उत्तम, कारण तळाला भोक पाडण्याचे काम नौका पाण्याबाहेर असतानाच करता येते.

ध्वनीचा मोठा शत्रू म्हणजे हवेचे बुडबुडे. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर, त्याच्या पुढच्या बाजूस बसवावा. पुढची नाळ लाटांवर आपटते, म्हणून तीही जागा टाळावी. जेथे पाणी सलग वाहते आणि पुढे कोणताही उंचवटा नाही, अशी जागा निवडावी. त्याचे तोंड सरळ खाली असावे. तळ उतरता असल्यास लाकडी ठोकळ्याने समपातळी साधावी.

लाकडी नौकेत प्लास्टिकचा, तळातून आरपार बसणारा ट्रान्सड्यूसर घेऊ नये. लाकूड पाण्याने फुगते आणि प्लास्टिकला तडा जाऊन नौकेत पाणी शिरण्याचा धोका असतो. तेथे काशाचा घ्यावा. फायबरच्या नौकेत तळ एकसंध असेल, तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवूनही चालतो. पण चिकटविताना मध्ये हवा राहता कामा नये. लाकडातून ध्वनी नीट जात नसल्याने लाकडी नौकेत ही युक्ती उपयोगी पडत नाही.

ट्रान्सड्यूसरची तार कापून लांब-आखूड करू नये. ती इंजिनाच्या व बिनतारी संचाच्या तारांपासून दूर न्यावी. वीजजोडणी थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून करावी. तळाला रंग देताना ट्रान्सड्यूसरवर जाड थर बसू देऊ नये आणि त्यावर वाढणारी शिंपली वेळोवेळी अलगद काढावी.

जुळवणी आणि वाचन

नौका पाण्यात गेल्यावर पहिली परीक्षा जुन्या दोरीनेच घ्यावी. धक्क्याजवळ नौका स्थिर ठेवून शिशाच्या दोरीने खोली मोजावी व यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली जेवढा असेल, तेवढा फरक यंत्रात भरावा. मग संवेदनक्षमता वाढवीत न्यावी. पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागले, की किंचित कमी करावी. ती फार कमी केल्यास बोंबील-कोळंबीसारखे क्षीण प्रतिध्वनी नाहीसे होतात.

पडद्यावर माशाची चित्रे दाखविण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती बंद ठेवणे श्रेयस्कर, कारण यंत्र बुडबुडे, कचरा व जेलीफिश यांनाही मासा ठरविण्याचा संभव असतो. मूळ प्रतिध्वनी वाचण्याची सवय करावी. पडद्याच्या उजव्या कडेला दिसते ते आताचे, डावीकडे सरकलेले ते मागे पडलेले. कठीण तळाची रेषा जाड व ठळक येते, कित्येकदा तिच्याखाली दुसरी रेषाही उमटते. चिखलाची रेषा फिकी असते. तिरप्या तुटक रेषा दिसल्या, तर जवळच्या नौकेच्या यंत्राचा तो व्यत्यय समजावा.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाने टिपलेले सागराचे तापमान व हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळविते. दिशा, अंतर आणि खोली त्यात दिलेली असते. क्षेत्र उपग्रहाने सुचवावे आणि नौकेखालचे पाणी यंत्राने तपासावे, अशी जोड घातल्यास डिझेलची बचत होते.

यंत्राची मर्यादा, माणसाची जबाबदारी

दाट थवा यंत्र दाखविते. पण त्यातील मासळी वाढलेली आहे की पिल्ले आहेत, हे साधे यंत्र खात्रीने सांगत नाही. ती ओळख हंगाम आणि ठिकाण जाणणाऱ्या तांडेलालाच असते. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला, त्यामागेही त्याच्या संवर्धनाची चिंता होती. पिल्लांचा थवा दिसताच जाळे टाकणाऱ्याच्या हाती आज थोडे पैसे पडतील, परंतु पुढील हंगामात त्याचाच पडदा कोरा राहील. पहिल्या ओढीत लहान मासळी आली, तर जागा बदलणे हेच शहाणपणाचे.

तांडेलाचा अनुभव आणि यंत्राचा प्रतिध्वनी यांची सांगड पडली, तर रिकाम्या फेऱ्या कमी होतील, नौकामालकाचे कर्ज वेळेवर फिटेल आणि खलाशांच्या वाट्यास चार पैसे अधिक येतील. यंत्र घेताना हाच हिशेब मच्छीमार बांधवांनी डोळ्यांपुढे ठेवावा.