अनुभवी घर, पण अनुभव कुणाचा?

‘आमच्याकडे बारा वर्षं जर्मन शेफर्ड होता’ या एका वाक्यावर आमच्या शेल्टरमधल्या भैरू या कुत्र्याला घर मिळालं आणि त्याच वाक्याने त्याचे हाल केले. हे आधीच सांगते, कारण नंतर ते वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थांनी ‘शेल्टरवाल्यांनी पिसाळलेलं कुत्रं गळ्यात मारलं’ असा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरवला. भैरू पिसाळलेला नव्हता आणि त्याच्याबद्दलची एकही गोष्ट आम्ही लपवलेली नव्हती. जेवताना भांड्याजवळ हात नेला तर चावतो. काठी किंवा झाडू उगारला तर चावतो. हेल्मेट घातलेला माणूस फाटकातून आत आला की धावून जातो. लहान मुलं असलेल्या घरात द्यायचा नाही. हे सगळं मी त्यांना लिहून पाठवलं होतं, निळ्या खुणा अजून माझ्या फोनमध्ये आहेत. खाली त्यांचं उत्तरही आहे: ‘नो प्रॉब्लेम ताई, अशी कुत्री आम्ही सरळ केलीत.’

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा बंगला, उंच कंपाउंड, मुलं मोठी आणि परदेशात. घर पाहिलं, फॉर्म भरून घेतला, आधार कार्डाची प्रत घेतली. पाथर्डी फाट्याच्या एका सायटीवर साखळीला बांधून मागे सोडून दिलेल्या कुत्र्याला यापेक्षा चांगलं काय मिळणार, असं शेल्टरमधले सगळेच म्हणत होते. पुढे फोटो मागितला की पहिल्या दिवशीचाच फोटो यायचा आणि व्हिडिओ कॉल केला की ‘मीटिंगमध्ये आहे’. भैरूला कधीच गिरणाऱ्याच्या पुढच्या मळ्यात, त्यांच्या फार्महाउसवर नेऊन टाकलं होतं, हे आम्हाला कळलं ते दात लागल्यावर. फोनवर पहिलंच वाक्य होतं, ‘तुमचं कुत्रं घेऊन जा, नाहीतर मी घाटात सोडून देतो.’

आम्ही पोहोचलो तेव्हा भैरू झाडाला हातभर साखळीने बांधलेला होता. पाण्याचं भांडं साखळीच्या टप्प्याबाहेर लवंडलेलं. साहेब ओट्यावर बसलेले, हातावर हळद थापलेली. जखम धुतली का, असं विचारलं तर म्हणाले, ‘लसी दिलेलं कुत्रं आहे ना तुमचं?’ भैरूला लस दिलेली होतीच, पण त्यामुळे चावा घेतल्यानंतरचे उपचार टळत नाहीत. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-तिखट काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. हे मी त्यांना ज्या काळजीने सांगितलं, तेवढी काळजी त्यांनी माझ्या कुत्र्याची घेतली असती तर ही वेळच आली नसती.

मग त्यांनी स्वतःच हकिगत सांगितली, अगदी अभिमानाने. मालक कोण ते कळावं म्हणून भैरू जेवत असताना त्याचं ताट उचललं. तो गुरगुरला. गुरगुरतो म्हणून काठीने फटका दिला. असं रोज. शेवटी तो गुरगुरायचाच थांबला, म्हणून साहेबांना वाटलं सरळ झाला. त्या सकाळी ताटाला हात लावला आणि त्याने आवाजही न करता मनगट धरलं. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना असते. तेवढ्यासाठी मार दिला तर भीती तशीच राहते, फक्त सूचना नाहीशी होते. न गुरगुरता चावणारं कुत्रं बहुतेकदा माणसानेच तयार केलेलं असतं.

पण मला खरं कळलं ते नंतर. मळ्यातला गडी चहा घेऊन आला आणि कप देता देता हळूच म्हणाला, ‘त्या शेफर्डला, टायगरला, मीच वाढवला ताई. साहेब रविवारी यायचे, बिस्किट टाकायचे. या भैरूच्या ताटाला हात लावू नका, असं म्हटलं होतं मी त्यांना.’ साहेबांनी ऐकलं आणि आमच्यासमोरच म्हणाले, ‘याला काय कळतंय?’ बारा वर्षांचा अनुभव खरा होता, फक्त तो त्या चहा देणाऱ्या माणसाचा होता. साखळी सोडायलाही तोच पुढे झाला. शांतपणे, आडवा उभा राहून, भैरूच्या डोळ्यांत न बघता. भैरूने अंग चोरलं, पण दात दाखवले नाहीत. ‘माझ्याकडं राहिला असता हा,’ तो म्हणाला. माझ्या हातात असतं तर मी त्यालाच दिला असता. पण त्याची खोली साहेबांच्या मळ्यातली.

तक्रार करा, असं अनेकांनी सांगितलं. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे आणि कारण नसताना सोडून देणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! हा आकडा वाचून माझं डोकं फिरलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेणाऱ्यावर कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी टाकली, आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री परत रस्त्यावर सोडायची नाहीत असंही म्हटलं. म्हणजे भैरूवर ‘आक्रमक’ असा शिक्का बसला की त्याला गल्लीही नाही आणि घरही नाही, उरतो तो जन्मभराचा पिंजरा. एखाद्याने ग्रुपवर खोटं लिहिलं तर त्याचा परिणाम इथपर्यंत जातो.

म्हणून, अवघड कुत्र्याला घर शोधणाऱ्यांनो, ‘किती कुत्री पाळली’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘कुत्रा तुमच्यावर गुरगुरला तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. ज्याने खरंच असं कुत्रं सांभाळलंय तो थांबतो, आठवतो, आपली फजितीही सांगतो. ‘आमच्यावर कधीच गुरगुरला नाही’ म्हणणाऱ्याला गोड बाहुला द्या, भैरू देऊ नका. मग विचारा, ताट कोण वाढणार? आजी, कामवाल्या मावशी, गडी, जो कोणी असेल त्याच्याशी बोलल्याशिवाय होकार द्यायचा नाही. हे मालकाला अपमानकारक वाटलं तर वाटू द्या.

रात्री कुत्रं कुठे झोपणार, हे करारात पत्त्यासह लिहून घ्या. फार्महाउस म्हटलं की लोक खूश होतात, मोकळी हवा वगैरे. गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या मळ्यांत बिबट्या फिरतो हे नाशिककरांना सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये तो भर सावरकरनगरात शिरला होता. रात्री बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं पान.

आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. कान ठणकत असेल, दाढ किडली असेल, कंबर दुखत असेल तरी कुत्रं चावरं होतं. बास्केट मझलची सवय शेल्टरमध्येच लावा, आतून दही लावून, हळूहळू, त्याने स्वतःहून तोंड घालेपर्यंत. तोंड आवळणारं कापडी मझल नाशिकच्या एप्रिलमध्ये घालून ठेवू नका. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. दिवाळीच्या तोंडावर आणि गणपतीच्या ढोलांत असं कुत्रं कुणाच्या घरी पाठवू नका. लगेच दत्तक नको, काही आठवडे नुसतं सांभाळायला द्या. आणि धीर धरा, प्रेम द्या, हे सगळेच सांगतात, तेही खरंच आहे.

भैरू आता नाशिकरोडला, जेल रोडवरच्या एका निवृत्त जोडप्याकडे आहे. त्यांचा आधीचा कुत्रा म्हातारपणी आंधळा होऊन चावायचा. त्या काकूंनी पहिल्या भेटीत भैरूला हातही लावला नाही. पाठमोऱ्या बसून पेपर वाचत राहिल्या. आणि प्रश्न मीच त्यांना विचारायचे, तर त्यांनीच मला विचारले. ताट आता बंद खोलीत ठेवतात आणि दार लावून घेतात. तो अजून गुरगुरतो आणि त्या त्याला गुरगुरू देतात.

गृहस्थांनी तो मेसेज अजून मागे घेतलेला नाही. काकूंनाही तो कुणीतरी पुढे पाठवला. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, की मळ्यात त्याला काठी कोणत्या बाजूने बसायची, म्हणजे त्या बाजूने त्या त्याच्याजवळ जाणार नाहीत.