आधी दगड, मग लाकूड

कोबेत राहायला आल्यापासून पुण्या-नाशिकहून येणाऱ्या निरोपांत एक विचारणा ठरलेली असते. "येताना एक जपानी रंधा आणशील का? आणि ती ओढून चालवायची करवत?" विचारणारे बहुतेक दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, सुट्टीच्या दिवशी तरी हाताने काही करावं असं वाटणारे. त्यांनी मोबाइलवर कागदाहून पातळ साल काढणारा रंधा पाहिलेला असतो, एकही खिळा न ठोकता बसणारा सांधा पाहिलेला असतो. आणतो, असं मी म्हणतो. पण त्याआधी माझं थोडं ऐकून घ्या, असंही म्हणतो. ऐकल्यावर बरेच जण बेत सोडून देतात. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, दुकानातून आणलेला 'कन्ना', म्हणजे जपानी रंधा, हे तयार अवजार नसतं. ओकच्या लाकडाचा एक ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं साधारण 70 मिलिमीटर रुंदीचं पातं, आणि साल मोडणारं दुसरं छोटं पातं. मूठ नाही, स्क्रू नाही, आपल्या रंध्यासारखी लाकडी पाचरही नाही. पातंच वरून जाड आणि खाली निमुळतं असतं. ते ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत घट्ट आवळून बसतं. बनवणारा कारागीर ते मुद्दामच थोडं जास्त घट्ट ठेवतो. पुढचं काम वापरणाऱ्याने करायचं, हे तिथं गृहीत धरलेलं असतं. डब्यावर तसं कुणी लिहीत नाही.

माझ्या पहिल्या कन्न्याचा ठोकळा जानेवारीत फुटला. कोबेचा पावसाळा दमट असला तरी हिवाळ्याची हवा कोरडी, त्यातून घरात हीटर चालू. लाकूड आकसलं, पोलाद काही आकसत नाही. पातं खाचांत ठोकून तसंच ठेवलेलं होतं. बाजूच्या गालाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मी ज्यांच्याकडे शनिवारी शिकायला जातो, त्या वयस्क ओयाकातांनी, म्हणजे मिस्त्रींनी, ठोकळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "पातं सैल करून ठेवलं होतं का?" बस, एवढंच. त्यांच्याकडून रागावून घेणं परवडलं असतं.

तर नवा कन्ना आला की करायचं काय? पात्याची जी बाजू ठोकळ्याला टेकते तिच्यावर पेन्सिलीचं शिसं घासा, पातं हळूच आत ठोका, बाहेर काढा. ठोकळ्याच्या ज्या जागी काळे डाग उमटले तिथं लाकूड जास्त लागतंय. ते डाग पटाशीने खरवडायचे, पुन्हा शिसं, पुन्हा ठोका. हाताने ढकलल्यावर पातं तोंडाच्या थोडं अलीकडे थांबेल आणि उरलेलं अंतर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जाईल, इथवर हे चालू ठेवायचं. पातं बाहेर काढताना ठोकळ्याच्या मागच्या कडेवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठोकायचं. मधोमध ठोकलं की ठोकळा तडकतो.

मग तळ. आपल्याला वाटतं रंध्याचा तळ आरशासारखा सपाट हवा. कन्न्याचा तसा नसतो. तो लाकडाला दोनच ठिकाणी टेकतो, ओढण्याच्या दिशेची पुढची कड आणि पात्याच्या तोंडाच्या लगेच पुढची पट्टी. फळी सरळ करायच्या लांब कन्न्यात मागची कडही टेकू देतात. मधला भाग कागदाच्या जाडीइतका खोल खरवडलेला असतो. हे तपासताना खिडकीसमोर उभं राहून तळावर सरळ पट्टी उभी धरायची आणि खालून येणारा उजेड पाहायचा. यात एक मेख आहे. तपासताना पातं आत बसलेलं हवं, फक्त धार तळापासून किंचित वर ओढलेली. पात्याच्या दाबाने ठोकळा थोडा वाकतो. पातं काढून तळ नीट केला की पातं घालताच तो पुन्हा बिघडतो. आमच्या वर्गातल्या एका फ्रेंच मुलाने असा सबंध दिवस घालवला. ओयाकाता शेजारी बसून चहा पीत होते.

आता धारेविषयी, कारण खरा खर्च आणि खरा वेळ तिथं जातो. जपानी पातं दोन थरांचं असतं, मऊ लोखंडाच्या अंगावर अतिशय कठीण पोलादाचा पातळ थर. कठीण पोलाद धार धरतं, मऊ लोखंड मार झेलतं आणि दगडावर लवकर घासलं जातं. पात्याची सपाट बाजू मधे खोलगट केलेली असते, म्हणजे घासायचा पोलादाचा भाग कमी होतो. वर्षानुवर्षं धार लावत गेलं की पातं आखूड होतं आणि खोलगट भाग थेट धारेला येऊन भिडतो. मग धारेची ती कड टिकत नाही. तेव्हा मऊ लोखंडाच्या बाजूने, हातोडीच्या कोपऱ्याने, हलके हलके ठोके देऊन पोलाद किंचित खाली उतरवावं लागतं. ठोका चुकून कठीण पोलादावर पडला तर पात्याचा तुकडा उडतो. हे काम व्हिडिओ पाहून शिकू नका. शिकवणारा समोर नसेल तर पातं तसंच ठेवा आणि जपानमध्ये कुणाकडून तरी करून घ्या.

दगडांचं म्हणाल तर 1000 नंबरचा एक आणि 6000 च्या आसपासचा एक, दोन्ही पाण्याचे, आणि ते सपाट करायला हिऱ्याच्या कणांची एक प्लेट. सुरुवातीच्या बजेटचा अर्धा भाग यातच घाला. पाण्याचे दगड लवकर झिजतात, मधे खळगा पडतो, आणि खळग्याच्या दगडावर सरळ धार लागणार कशी? म्हणून प्रत्येक वेळी आधी दगड सपाट, मग पातं. क्योटोकडच्या खाणींतल्या नैसर्गिक दगडांच्या गोष्टी खूप ऐकू येतील. ऐका आणि सोडून द्या. हात बसल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही, आणि पैसे मात्र भरपूर जातात.

धार हीच शिकण्याची सुरुवात आहे, हे कुणा हौशी माणसाचं मत नव्हे. होर्यूजी या मंदिरातले पिढीजात सुतार निशिओका त्सुनेकाझु (1908–1995) यांच्याकडे ओगावा मित्सुओ नावाचा तरुण शिष्य म्हणून आला, तेव्हा त्याला वर्षभर टीव्ही नको, वर्तमानपत्र नको, फक्त अवजारांना धार लावत बस, असं सांगण्यात आलं. नमुना म्हणून निशिओकांनी रंध्याची एक साल काढून दिली. ओगावा तशी साल निघेपर्यंत धार लावत राहिला. पुढे 1977 मध्ये त्याने इकारुगा-कोशा ही मंदिरं बांधणारी संस्था काढली. तिथले शिकाऊ एकत्र राहतात, स्वयंपाक-झाडलोट करतात आणि रात्री धार लावतात. आपण शनिवार-रविवारचे विद्यार्थी, आपल्याला वर्ष कुठून काढता येणार? पण काही आठवडे फक्त एका पटाशीला धार लावायचं ठरवा. कंटाळा आला तर बरंच झालं. बाकी अवजारांचे पैसे वाचले.

निशिओकांचं नाव निघालं म्हणून जरा विषयांतर. याकुशीजी मंदिराचा पश्चिम मनोरा त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभारला गेला आणि 1981 मध्ये पूर्ण झाला. त्यांनी 'यारिगन्ना' हे भाल्याच्या टोकासारखं, लांब दांड्याचं जुनं अवजार पुन्हा वापरात आणलं. कारण होर्यूजीसारख्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ठोकळ्याचा रंधा जपानमध्ये नव्हताच. तो आला पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास. साल मोडणारं दुसरं पातं तर मेइजी काळाच्या उत्तरार्धात रूढ झालं. आणि सगळे ज्या 'पांढऱ्या कागदाच्या' आणि 'निळ्या कागदाच्या' पोलादाची नावं घेतात, ते शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यातलं आधुनिक पोलाद. लेबलच्या कागदाच्या रंगावरून पडलेली ती नावं. म्हणजे हजार वर्षांची परंपरा विकत घेतोय या समजुतीने कुणी पैसे मोजत असेल तर त्याने थांबावं. तसंच खिळ्यांचं. होर्यूजीत हाताने घडवलेले लोखंडी खिळे आहेत, आणि तेही इतके चांगले की शतकं टिकले. 'बिनखिळ्याचं सुतारकाम' हे जाहिरातीचं वाक्य आहे.

या वाक्याच्या जोरावर भारतात हल्ली दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा निघतात. सुट्टीला आलो असताना अशाच एका कार्यशाळेला गेलो. शुल्क दणदणीत. शिकवणारा माणूस सज्जन, पण पटाश्या बोथट, आणि दोन दिवसांत दगडाला पाणी लागलं नाही. सगळ्यांनी कबुतराच्या शेपटीसारखा एक सांधा घासून-पुसून कसाबसा बसवला, फटीत भुसा आणि फेविकॉल भरला आणि फोटो काढले. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, धार लावायला किती वेळ दिला आहे? उत्तर अर्ध्या दिवसापेक्षा कमी असेल तर त्या पैशांत दगड घ्या.

करवतीची गोष्ट सोपी आहे. दोन्ही बाजूंना दात असलेली 240 मिलिमीटरची 'र्योबा' घ्या, एका बाजूने लाकडाच्या लांबीत कापायचं, दुसऱ्या बाजूने आडवं. पातं बदलता येणारी घ्या. या करवतींचे दात विजेने तापवून इतके कडक केलेले असतात की त्यांना कानस लागत नाही. बोथट झालं की पातं बदलायचं. परंपरावादी नाक मुरडतील, पण जपानमध्येही हाताने दात लावणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, ही करवत ओढताना कापते. आपल्या सवयीने जोर देऊन पुढे ढकललीत तर पातळ पातं दुमडतं, आणि दुमडलेलं पातं सरळ होत नाही.

पटाशीच्या मुठीला वर लोखंडी कडं असतं. नव्या पटाशीचं ते कडं सैलसर बसवलेलं असतं. ते काढायचं, आतली कड कानशीने गुळगुळीत करायची, मुठीचं टोक हातोडीने थोडं चेपायचं, कडं बसवायचं आणि वर आलेलं लाकूड ठोकून कड्यावर उलटवायचं. हे न करता ठोकाठोकी सुरू केली की कडं उडतं किंवा मूठ फाटते. आणखी एक: खाचेतला लाकडाचा तुकडा पटाशीने उचकटायचा नाही. कठीण पोलादाला बाजूचा जोर सोसत नाही, धारेचा टवका जातो. आपले सुतार पटाशीने डबासुद्धा उघडतात. त्यांच्या पटाशीला ते चालतं.

जुन्या अवजारांचा मोह सगळ्यात वाईट. इथं देवळांच्या आवारात भरणाऱ्या बाजारांत गंजलेले कन्ने आणि पटाश्या ढिगाने मिळतात. घ्यायच्याच असतील तर कठीण पोलादाचा थर किती उरलाय ते बघा, आणि सपाट बाजूला धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर खाली ठेवा. वरवरचा गंज निघतो, खड्डा धारेपर्यंत पोचतोच. नामवंत लोहारांच्या पात्यांच्या वाटेला जाऊ नका. चियोझुरू कोरेहिदेसारख्यांची पाती आता संग्रहात ठेवतात, लाकडाला लावत नाहीत. त्यापेक्षा कोबेहून शिंतेत्सुच्या गाडीने मिकीला जा. अवजारांचं गाव आहे, साध्या दुकानात मध्यम दर्जाची चांगली पटाशी मिळते. आणि शिन-कोबे स्टेशनजवळच्या ताकेनाका सुतारी अवजार संग्रहालयात अर्धा दिवस घालवा; काय विकत घ्यायचं नाही, हे तिथं चांगलं कळतं.

उरला भारताचा प्रश्न. ही अवजारं हिनोकी आणि सुगीसारख्या मऊ, सरळ रेषेच्या लाकडासाठी घडली. कन्न्याचं पातं साधारण 39 अंशांवर झुकलेलं असतं, तेही त्याचसाठी. 1997 पासून भरणाऱ्या केझुरोकाई मेळाव्यांत काही मायक्रॉन जाडीच्या सालींची स्पर्धा होते, तिथं लाकूडही निवडून आणलेलं असतं. तोच कन्ना सागवानावर ओढलात तर उलट्या रेषेत लाकूड उचकटतं, आणि सागवानातल्या सिलिकामुळे धार बघता बघता जाते. शिसवाचं तर नावच काढू नका. सुरुवात देवदारावर किंवा पॅकिंगच्या खोक्यांतल्या पाइनवर करा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारलंत तर मिळेल. गाठ नसलेली फळी निवडा. सागवानावरच काम करायचं असेल तर पटाशीचा कोन 30 अंशांवरून 35 कडे न्या आणि आपला लोखंडी रंधा वापरा, त्यात कमीपणा नाही.

बसायची सवय मात्र आपल्या बाजूने आहे. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतात, जपानी सुतारही धरतात. खुर्चीवरच वाढलेल्या माणसाला ते जड जातं. माझी कंबर अजून कुरकुरते. कन्ना ओढायचा तो हाताने नव्हे, कमरेतून मागे सरकत, एका दमात फळीच्या टोकापर्यंत. मधे थांबलात की तिथं पायरी पडते.

नेताना अवजारं चेक-इन सामानातच घाला, धारेला पुठ्ठा बांधून. घरी पोचलात की जून ते सप्टेंबर पोलादावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवत राहा. इथं कॅमेलियाचं तेल वापरतात, ते नसलं तरी चालतं. स्वयंपाकाचं तेल नको, ते कालांतराने चिकट होतं. पावसाळ्यात कन्न्याचा ठोकळा फुगतो आणि पातं अडकतं. हिसके देऊ नका, आणि घाईने खाचाही खरवडू नका, कारण ऑक्टोबरच्या उन्हात तोच ठोकळा आकसून पातं पुन्हा वेगळ्या जागी बसतं. तळ तेव्हाच तपासा, पेन्सिलीचं शिसं तेव्हाच घ्या.