गणपतीपुळे ते दुबई : प्रवासाचा खरा हिशेब

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातील कितीतरी कारागीर आणि आंब्याचे व्यापारी यांचा दुबईशी संबंध येतो. "दुबई तीन तासांवर आहे," असे सर्रास बोलले जाते. मुंबईच्या विमानतळापुरते ते खरे आहे. घरापासून मोजले तर हिशेब वेगळाच निघतो.

अंतर : मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून हे अंतर सुमारे १,०४० सागरी मैल होते. गणपतीपुळे ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम २२० किलोमीटर, पण रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास.

वेळ : जेट विमान उंचावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने अडीच तासांच्या आत पोहोचायला हवे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे धरून तीन ते साडेतीन तास लागतात. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून दुबईला जाताना जास्त आणि परतताना कमी वेळ लागतो.

घड्याळ : तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मुंबईहून सकाळी १० ला सुटून दुबईस ११.४५ ला पोहोच, असे लिहिले असेल, तर प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे. त्यात दीड तास मिळवा. सव्वातीन तास होतात. परतताना दीड तास वजा करावा.

तारीख : येथेच अनेकांची गफलत होते. तिकिटावर १० तारीख, रात्री १२.३० असेल, तर ही ९ तारखेची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ. तीन तास आधी, म्हणजे ९ तारखेच्या रात्री ९.३० ला विमानतळ गाठावे. रस्त्याला नऊ तास धरले, तर गणपतीपुळ्याहून ९ तारखेला दुपारी १२.३० ला निघणे ही शेवटची वेळ. पावसाळ्यात तीन-चार तास आणखी हाताशी ठेवावेत. १० तारखेला दुपारी निघणाऱ्याचे विमान केव्हाच गेलेले असते, तिकिटाचे पैसेही जातात.

एकूण : रस्ता ९ तास, विमानतळ ३, उड्डाण सव्वातीन, उतरून बाहेर पडणे सव्वा तास, बेरीज साडेसोळा तास. त्यात आकाशातला वाटा पाचवा हिस्साच.

हापूस पाठवणाऱ्यांनी यापुढेही पाहावे. माल माणसाच्या कितीतरी आधी हवाली करावा लागतो. तपासणी, कस्टम आणि गोदाम यांचे तास वेगळे. ग्राहकाला मुदत देताना उड्डाणाचे नव्हे, बाग ते दुकान असे तास मोजावेत आणि त्या बेताने तयार, पण न पिकलेले फळ काढावे.